सभा, यात्रा आणि ड्रोनबंदी : वाचकांचे प्रश्न

मोठी सभा, यात्रा किंवा अधिवेशन आलं की काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी त्या भागातलं आकाश बंद होतं. फवारणीवाले, लग्नाचं चित्रीकरण करणारे आणि विमान शिकणारे अशा सगळ्यांची पत्रं या वेळी त्याच विषयावर आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्या नियमांचा उल्लेख वारंवार येईल ते म्हणजे केंद्र सरकारचे ‘ड्रोन नियम, २०२१’.

प्रश्न : आमच्या गावापासून सात किलोमीटरवर मोठ्या नेत्याची सभा हाये. हेलिकॉप्टर उतरनार म्हनतात. माह्यापाशी दहा लिटरचं फवारनीचं ड्रोन हाये अन् सोयाबीनवर अळी लागली. ड्रोन तं पिकाच्या वर आठ-दहा फुटावरूनच उडते, त्याले काहून बंदी? अन् बंदी हाये का नाही, हे पाहाचं कुठं?
(कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घोळ बहुतेक वेळा तिथंच होतो. बंदी एकाच ठिकाणी लिहिलेली नसते. तीन वेगवेगळे कागद निघू शकतात, तेही वेगवेगळ्या कार्यालयांतून. एका कागदात तुमचं वावर येत नाही म्हणून दुसऱ्यातूनही सुटलं, असं होत नाही.

पहिला कागद तात्पुरत्या रेड झोनचा. राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा तातडीची गरज असेल तर एखाद्या भागात ड्रोन उडवायला मनाई करू शकते. हा निर्णय पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाखालचा अधिकारी घेऊ शकत नाही. एका वेळी मुदत जास्तीत जास्त ९६ तास, म्हणजे चार दिवस. हा भाग ‘डिजिटल स्काय’ या केंद्र सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर दाखवावा लागतो. उड्डाणाआधी तो नकाशा पाहण्याची जबाबदारी नियमानं उडवणाऱ्यावर टाकली आहे, ‘मले कोणी सांगितलं नाही’ हे कारण चालत नाही.

दुसरा कागद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालच्या आदेशाचा. जुन्या भाषेत १४४. तो जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी काढतात, नागपूर आणि अमरावती शहरांत पोलीस आयुक्त काढतात. त्याची मुदत दोन महिन्यांपर्यंत असू शकते. यात ड्रोनसोबत पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, रिमोटवरची छोटी विमानं अशी यादी असते. गोम अशी की हा आदेश डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसेलच असं नाही. तो तहसीलच्या फलकावर, जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर, स्थानिक पेपरात किंवा ठाण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर सापडतो. त्याची हद्दही वर्तुळात नसते. ‘अमुक पोलीस ठाण्याची संपूर्ण हद्द’ असं लिहिलं असेल तर सात किलोमीटर दूर असूनही तुम्ही आत, आणि ‘सभास्थळापासून पाच किलोमीटर’ लिहिलं असेल तर तुम्ही बाहेर. म्हणून किलोमीटर विचारण्याआधी आदेशातलं वाक्य विचारा.

तिसरा कागद नोटाम, म्हणजे हवाई निर्बंध आणि बदल कळवणारी सूचना. तो वैमानिकांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतं. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

करायचं असं : आदल्या संध्याकाळी ठाण्यात फोन करून ठाणेदारांना नाही तर ठाणे अंमलदाराला थेट विचारा, ‘उद्या ड्रोनबंदीचा आदेश आहे का, हद्द कोणती, वेळ कोणती?’ आदेशाचा फोटो मागून घ्या. पोलीस पाटलांकडे तो बहुधा आलेला असतो. सकाळी निघण्याआधी नकाशा पाहा आणि वावरात पोचल्यावर, टाकी भरण्याआधी, पुन्हा पाहा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. अंतर मोजायचं ते सरळ रेषेत, रस्त्यानं नाही, आणि घरापासून नाही तर सभेच्या बाजूच्या धुऱ्यापासून.

आता दहा फुटांचं. रेड झोन जमिनीपासून सुरू होतो, त्याला खालची मर्यादा नसते. आणि तुमचं ड्रोन दहा फुटांवर राहील याची खात्री तुम्हालाही नाही. रिमोटचा संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली की ते आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतं आणि मग परत येतं. ही उंची अनेकांच्या मशीनवर कंपनीनं दिलेली तशीच असते, कोणी उघडून पाहत नाही. उलट हेलिकॉप्टर मात्र खाली येत असतं. सहा-आठ अंशांच्या उतारानं उतरणारं हेलिकॉप्टर हेलिपॅडपासून साधारण एक किलोमीटरवर आलं की ४०० फुटांच्या खाली आलेलं असतं, म्हणजे ड्रोनच्याच उंचीत. वैमानिकाचं लक्ष तेव्हा धूळ, तारा आणि गर्दीकडे असतं. वावरातलं ड्रोन त्याला दिसत नाही.

आणखी एक बाजू आहे. पाण्यासारखं काहीतरी भरलेली दहा लिटरची टाकी घेऊन पंचवीस किलोच्या आसपासचं यंत्र सभेच्या दिशेनं उडतं आहे, एवढंच बंदोबस्तावरच्या शिपायाला दिसतं. त्यात अळीचं औषध आहे हे त्याला दुरून कळायला मार्ग नाही.

हे सगळं मान्य करूनही आमचं मत सांगतो. तात्पुरता रेड झोन वाजवी आकाराचा असावा, अवास्तव मोठा नसावा, असं नियमच म्हणतो. ऐन फवारणीत अख्ख्या तालुक्यावर बंदी आली तर गावातल्या चार-पाच ड्रोनवाल्यांनी मिळून पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा : आमची गावं, गट क्रमांक, सभास्थळापासूनचं अंतर, आणि ‘सकाळी सहा ते नऊ मुभा मिळावी’ अशी नेमकी मागणी. ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ या मथळ्याच्या निवेदनापेक्षा गट क्रमांकाचा कागद टेबलावरून लवकर हलतो. उत्तर लेखी येईपर्यंत मात्र बंदी आहे असंच धरा.

प्रश्न : आमच्या बचत गटाला ड्रोन मिळालं आहे. एका एकराचं औषध कालवून झालं आणि तेवढ्यात ठाण्यातून फोन आला की आज ड्रोन उडवायचं नाही. कालवलेलं औषध उद्यापर्यंत ठेवता येईल का? की पाठीवरच्या पंपानं मारावं?
(ड्रोन दीदी, ता. कळंब, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, उद्यापर्यंत ठेवू नका. पाण्यात गेल्यावर बऱ्याच औषधांचा जोर कमी होत जातो, पावडरीची औषधं तळाशी बसतात आणि दुसऱ्या दिवशी ती नोझलमध्ये अडकतात. त्याच दिवशी पंपानं मारणं बरोबर, पण ड्रोनचं मिश्रण पंपात जसंच्या तसं ओतायचं नाही. इथं मोठी चूक होऊ शकते.

ड्रोननं एकराला साधारण दहा लिटर पाणी लागतं आणि त्या दहा लिटरमध्ये पूर्ण एकराचा डोस असतो. पंपानं त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. म्हणजे तुमच्या बादलीतलं मिश्रण पंपाच्या मिश्रणापेक्षा पंधरा ते वीस पट कडक आहे. ते थेट मारलं तर पीक करपेल, आणि मारणाऱ्या माणसाचं काय होईल हे यवतमाळ जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. २०१७ च्या हंगामातल्या विषबाधा सगळ्यांना आठवतात.

हिशेब असा : पंधरा लिटरचा पंप असेल आणि तुम्ही एकरी दहा पंप मारत असाल, तर प्रत्येक पंपात ड्रोनच्या मिश्रणातलं एक लिटर आणि वर चौदा लिटर साधं पाणी. एकरी दोनशे लिटर मारत असाल तर प्रत्येक पंपात पाऊण लिटर मिश्रण, बाकी पाणी. दरवेळी काढण्याआधी बादली काठीनं ढवळा. हातमोजे, तोंडाला मास्क आणि चष्मा हे ओततानाच घाला, कारण सगळ्यात कडक औषध त्या वेळी हाताशी असतं. तणनाशक कालवलं असेल तर कीटकनाशकाचा पंप वापरू नका. उरलेलं नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, त्याच वावरात पातळ करून मारून टाकायचं.

पुढच्या वेळी क्रम बदला : आधी ठाण्याला फोन, मग नकाशा, मग औषधाचं झाकण. आणि बंदी चार दिवसांची असेल तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या तशाच ठेवू नका. चार्जरमध्ये साठवणीची सोय असते, तिनं प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. भरलेली बॅटरी उन्हातल्या टिनाच्या खोलीत चार दिवस पडली की फुगते.

प्रश्न : बिरसी विमानतळावर प्रशिक्षण घेतो आहे. अतिमहत्त्वाच्या व्यक्तीच्या दौऱ्याची नोटाम वाचताना वेळ आणि जागा यांत गोंधळ होतो. एखादं उदाहरण घेऊन समजावाल का?
(प्रशिक्षणार्थी वैमानिक, गोंदिया)

उत्तर : नमुना म्हणून एक नोटाम आम्हीच रचतो. ती खरी नाही, उड्डाणासाठी वापरू नका. नोटामच्या भागांना क्यू, बी, सी अशी अक्षरं असतात. क्यू ओळीत ‘व्हीएबीएफ’, पुढे ‘क्यूआरटीसीए’, मग ‘आयव्ही’, ‘बीओ’, ‘डब्ल्यू’, ‘०००/१००’ आणि शेवटी ‘२१०६एन०७९०३ई००५’. बी मध्ये २५१२०८०३३०, सी मध्ये २५१२०८१२३०.

व्हीएबीएफ म्हणजे मुंबई उड्डाण माहिती क्षेत्र. नागपूर त्यातच येतं. क्रॉस कंट्रीचा (लांब पल्ल्याच्या सराव उड्डाणाचा) मार्ग पूर्वेला कोलकाता किंवा दक्षिणेला चेन्नई क्षेत्रात शिरत असेल तर त्या क्षेत्रांच्या नोटाम वेगळ्या काढाव्या लागतात. प्रशिक्षणार्थी गाळतात ते नेमकं हेच. क्यूआरटीसीए मधलं ‘आरटी’ म्हणजे तात्पुरतं निर्बंधित क्षेत्र आणि ‘सीए’ म्हणजे ते सक्रिय झालं आहे. ‘आयव्ही’ म्हणजे निर्बंध आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडणारे) आणि व्हीएफआर (नजरेनं पाहून उडणारे) दोघांनाही लागू. ‘०००/१००’ म्हणजे जमिनीपासून फ्लाइट लेव्हल १०० पर्यंत, म्हणजे साधारण दहा हजार फुटांपर्यंत.

आता वेळ. बी आणि सी मधले दहा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. तास जागतिक वेळेत असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणून ०३३० म्हणजे पहाटे साडेतीन नव्हे, सकाळचे नऊ. १२३० म्हणजे संध्याकाळचे सहा. ८ डिसेंबर २०२५ ला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असा तो निर्बंध झाला. जागतिक वेळेत रात्रीचे आठ असतील तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे दीड वाजलेले असतात, तिथं तारीखही बदलते. वहीत लिहिताना आधी तारीख-वेळ दोन्ही भारतीय करून घ्या, मग पुढचं वाचा. डी ओळ असेल तर बी ते सी हा पूर्ण काळ बंद नसतो, फक्त डी मध्ये दिलेल्या तासांपुरता बंद असतो. सी शेजारी अंदाजित वेळेची ‘ईएसटी’ ही खूण असेल तर ती वेळ गेली म्हणून निर्बंध संपला असं धरू नका. तो रद्द किंवा बदलला गेल्याची दुसरी नोटाम यावी लागते.

जागेत याहून मोठी चूक होते. २१०६एन म्हणजे २१ अंश ६ मिनिटं, २१.०६ अंश नाही. मिनिटांना साठनं भागायचं : ६ भागिले ६० म्हणजे ०.१०, म्हणून अक्षांश २१.१०. तसंच ०७९०३ई म्हणजे ७९.०५. मोबाइलच्या नकाशात कोणी २१.०६ आणि ७९.०३ टाकलं, तर बिंदू उत्तर-दक्षिण सुमारे साडेचार किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम दोन किलोमीटर सरकतो. वर्तुळच जवळजवळ पाच किलोमीटर चुकीच्या जागी पडतं. शेवटचे तीन आकडे ००५ म्हणजे पाच नॉटिकल मैल त्रिज्या, म्हणजे ९.२६ किलोमीटर. किलोमीटर समजून पाच धरले तर त्रिज्या जवळजवळ निम्मी होते आणि वर्तुळाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गायब. शिवाय क्यू ओळीतलं वर्तुळ संगणकानं नोटाम छाटण्यासाठी असतं. खरी हद्द ई मधल्या मजकुरात लिहिलेली असते, ती बहुकोनी असेल तर क्यू मधलं वर्तुळ तिच्याशी जुळणारही नाही.

उंचीही तपासा. एफ आणि जी मध्ये उंची समुद्रसपाटीपासून दिली आहे की जमिनीपासून, हे लिहिलेलं असतं. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. तिथं ‘समुद्रसपाटीपासून ४,००० फूट’ म्हणजे डोक्यावर तीन हजार फूट. हीच मर्यादा चिखलदऱ्यावर असेल, जे सुमारे १,१०० मीटरवर आहे, तर जमिनीवर जेमतेम शंभर मीटर उरतात.

दौऱ्याच्या नोटाम उशिरा निघतात आणि शेवटच्या क्षणी बदलतात. क्रमांकाशेजारी ‘आर’ म्हणजे जुन्या नोटामऐवजी नवी, ‘सी’ म्हणजे रद्द. म्हणून आदल्या रात्रीच्या ब्रीफिंगवर उडू नका. उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक आणि हवाई संरक्षणाची मंजुरी घेतानाच ताजी स्थिती विचारा. परतीचा विमानतळ दौऱ्यासाठी काही काळ बंद होणार असेल तर इंधनाचा हिशेब वेळापत्रकावर करू नका. वेळापत्रक पाळणं हे त्या पाहुण्यांच्या हातात असतं, तुमच्या नाही. पर्यायी विमानतळ आणि वाट पाहण्याचं इंधन दोन्ही धरा, किंवा उड्डाण दुसऱ्या दिवशी ठेवा.

प्रश्न : माझं ड्रोन २४९ ग्रॅमचं आहे. नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही असं विकणाऱ्यानं सांगितलं. मग दीक्षाभूमीचा सोहळा, शेगावची गर्दी असं चित्रीकरण करायला काय हरकत?
(छायाचित्रकार, कारंजा लाड)

उत्तर : विकणाऱ्यानं अर्धं सांगितलं. २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन ‘नॅनो’ गटात येतं आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्राची गरज नाही, हे खरं. पण रेड झोन आणि यलो झोन (जिथं हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते) यांची मनाई वजनावर अवलंबून नाही. तात्पुरता रेड झोन २४९ ग्रॅमलाही तेवढाच लागू, आणि कलम १६३ च्या आदेशात तर वजनाचा उल्लेखच नसतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात लाखो लोक येतात. तिथं बॅटरी उतरलेलं पाव किलोचं यंत्रही शंभर मीटरवरून पडलं तर डोकं फोडू शकतं.

दोन किलोपर्यंतचं, म्हणजे ‘मायक्रो’ गटातलं ड्रोन घेऊन पैसे घेऊन काम करत असाल तर प्रमाणपत्र लागतंच. लग्नाची सुपारी घेतली की ते व्यावसायिक काम झालं.

प्रश्न : आमच्या यात्रा समितीला स्वतःचं ड्रोन चित्रीकरण हवं आहे, पण बाकीच्यांची ड्रोन नकोत. समितीनं तसा फलक लावला तर चालेल का? परवानगी कोणाकडे मागायची?
(यात्रा समिती सदस्य, ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : फलक लावा, पण त्यानं आकाश बंद होत नाही. तो अधिकार समितीला, ग्रामपंचायतीला किंवा देवस्थानाला नाही. मागणी पोलीस अधीक्षकांकडे करायची आणि निदान पंधरवडाभर आधी. अर्जात यात्रेचे दिवस, गर्दीचा सगळ्यात मोठा तास, मंदिराचे अक्षांश-रेखांश, तुम्हाला हवी असलेली त्रिज्या आणि कारण लिहा. त्रिज्या मागताना हात राखून मागा. अर्ध्या-एक किलोमीटरनं काम होत असेल तर पाच मागू नका, नाहीतर आजूबाजूच्या कास्तकारांची फवारणी तुमच्यामुळे थांबेल आणि बोल देवस्थानाला लागेल. यात्रा चार दिवसांपेक्षा लांब असेल तर ९६ तासांनंतर नव्यानं जाहीर करावं लागतं, हे अर्जातच आठवणीनं लिहा.

तुमच्या चित्रीकरणाचं वेगळं. एकदा रेड झोन झाला की तो तुमच्यासाठीही रेड झोन आहे. ठाण्यातल्या ओळखीच्या माणसानं ‘उडवा, काही होत नाही’ म्हटलं म्हणजे परवानगी झाली नाही. म्हणून दोन्ही मागण्या एकाच अर्जात करा आणि ड्रोन कंपनीचे कागद जोडा : ड्रोनचा युनिक ओळख क्रमांक, वैमानिकाचं प्रमाणपत्र, तृतीय पक्ष विमा, उड्डाणाच्या वेळा, आणि कोणत्या जागेवरून उडणार व उतरणार त्याचा हातानं काढलेला का होईना पण नकाशा. परवानगीत यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘समितीचं ड्रोन’ असं लिहिलं असेल तर बंदोबस्ताला बाहेरच्या तालुक्यातून आलेला शिपाई ते ओळखणार कसा?

उडवताना गर्दीच्या डोक्यावरून न्यायचं नाही. पालखीच्या मार्गाच्या एका बाजूला, मोकळ्या वावरावर ठेवून तिरकं चित्रीकरण करा. चित्र त्यातच चांगलं येतं.

प्रश्न : सभेपासून दूर, बंदीच्या हद्दीबाहेर फवारणी चालू असताना ड्रोन अचानक भरकटलं, जीपीएस गेल्याचं दाखवत होतं. असं का होतं?
(ड्रोन चालक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : एक शक्यता सुरक्षा दलांच्या ड्रोनविरोधी यंत्रणेची आहे. ती रिमोटच्या लहरी दाबते, बहुधा २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि काही यंत्रणा जीपीएसच्याही. या लहरी आदेशातली हद्द पाहून थांबत नाहीत. नुसता रिमोट तुटला तर ड्रोन परतीला लागतं. जीपीएसही गेलं तर परतीची जागा कुठं आहे हेच त्याला कळत नाही. मग ते उंची धरून ठेवतं, पण वाऱ्याबरोबर सरकतं. वारा सेकंदाला तीन मीटर असेल तर दहा सेकंदांत तीसेक मीटर, म्हणजे संत्र्याच्या झाडांच्या बऱ्याच ओळी ओलांडून शेजाऱ्याच्या तारांपर्यंत.

पण सगळं खापर सभेवर फोडू नका. होकायंत्राचं कॅलिब्रेशन न करणं, उच्चदाबाच्या तारांखाली किंवा लोखंडी शेडजवळून उड्डाण सुरू करणं, अँटेना ढिली असणं, यांनीही हेच होतं. सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उडवून पाहा. तेव्हाही जीपीएस गेलं तर दोष मशीनमध्ये.

सभेच्या दिवशी, हद्दीबाहेर असलात तरी, स्वयंचलित आखलेल्या फेऱ्या लावून मेडावर बसू नका. अंगठे काड्यांवर ठेवा आणि जीपीएसशिवाय हातानं उतरवण्याचा सराव आधीच, रिकाम्या टाकीनं, मोकळ्या पडीत वावरात करून ठेवा. परतीची उंची वावरातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा दहा मीटर जास्त, त्याहून जास्त नको. यंत्र कोणावर पडलं, कोणी जखमी झालं, तर अपघाताची माहिती डिजिटल स्कायवरून ४८ तासांच्या आत द्यायची असते.

थोडक्यात विचारलेले

*अमरावतीच्या बेलोरा विमानतळाजवळ गाव आहे. सभा नसतानाही परवानगी लागते का?* हो. अमरावतीहून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली, त्यामुळे ‘रिकामं पडलेलं विमानतळ’ ही समजूत आता सोडा. विमानतळाच्या कुंपणापासून पाच ते आठ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, वर परवानगी. त्यापलीकडच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत. अंतर टर्मिनलपासून नाही, कुंपणापासून मोजतात. पाच किलोमीटरच्या आतलं नकाशावर पाहूनच ठरवा.

*ताडोब्याच्या बाजूला बफरमधल्या वावरात?* तिथं वन विभागाचं स्वतंत्र बंधन आहे. सभा असो-नसो, आधी वनपरिक्षेत्र अधिकारी.

*ड्रोन उडालं म्हणजे परवानगी आहे, नाहीतर मशीनच सुरू झालं नसतं ना?* नाही. परवानगी नसेल तर मशीननं जमीनच सोडू नये, अशी सोय आज प्रत्येक ड्रोनमध्ये नाही. मोटर फिरली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

*नियम मोडला तर दंड किती?* ड्रोन नियमांखाली एक लाख रुपयांपर्यंत. कलम १६३ चा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातून जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही कारवाया वेगवेगळ्या आहेत, एक झाली म्हणून दुसरी टळत नाही.

*पोलिसांनी ड्रोन जप्त केलं. काय करावं?* हुज्जत घालू नका, पण जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. त्यात ड्रोनचा अनुक्रमांक, रिमोट, बॅटऱ्यांची संख्या आणि मेमरी कार्ड वेगवेगळं लिहून घ्या. टाकीत औषध असेल तर ते सांगा आणि नोंदवायला लावा, मालखान्यात कोणी हात लावायला नको. बॅटरी यंत्रातून काढून वेगळी ठेवायची विनंती करा. सुटका न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर होते. त्याला बिल आणि ओळख क्रमांकाचा कागद लागतो. दुसऱ्याकडून तोंडी व्यवहारात घेतलेली ड्रोन इथंच अडकतात, म्हणून मालकी बदलली की नोंदही लगेच बदलून घ्या.